पाव आटा ढील

काकांना एका जागी बसवत नाही. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची शिलाई मशीनं दुरुस्त केली. आता मागच्या खोलीत ते पेडल स्टील गिटार बनवतात. ही गिटार टेबलासारखी चार पायांवर उभी असते. तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची, आणि पायाने पेडल दाबलं की खालची सळी तार ओढते, सूर चढतो. विकतची घ्यायची नवशिक्याची छाती होत नाही, म्हणून काकांनी साधी, तीन पेडलची, शिकणाऱ्याच्या खिशाला झेपेल अशी केली होती.

शनिवारी दहाला गिटार शिकवणाऱ्या बाई येणार होत्या. पसंत पडली तर त्यांच्या वर्गासाठी सहा. नाही पडली तर हीच पहिली, हीच शेवटची, असं काका बायकोला सांगून बसले होते.

सकाळपासून ते आठ वेळा गिटारीखाली शिरले.

"अहो, आता हात लावू नका. काल छान वाजत होती."

"काल सळीला खेळ होता जरासा, खुळखुळत होती. मशीनला खेळ राहिला की टाके सुटलेच म्हणून समज." आणि त्यांनी सळीचा नट करकचून आवळला.

दहाला बाई आल्या, त्यांनी पेडल दाबलं. सूर चढला. सोडलं, तर उतरता उतरता मध्येच अडकला, मूळ जागी आलाच नाही. तीनदा तेच.

"काका, यावर माझ्या मुलांचे कान बिघडतील हो." बाईंनी पर्स उचलली.

दारातून बायको म्हणाली, "काल वाजत होती, आज नाही. मधे जे केलंत तेवढं उलटं करा की."

काका पाना घेऊन पुन्हा खाली शिरले. नट पाव आटा सैल केला. सळी किंचित खुळखुळली. जन्मभर हाच आवाज त्यांनी शोधून शोधून बंद केला होता.

"आता बघा."

सूर चढला, उतरला, जागेवर आला. बाईंनी खात्रीसाठी दहा वेळा दाबून पाहिलं.

"ही महिनाभर वर्गात ठेवते. मुलांच्या पायाखाली टिकली तर बाकीच्या पाच."

गिटार घेऊन बाईंची गाडी गेली तरी काका फाटकाशी येरझाऱ्या घालत होते. "महिन्याभरात नट आपोआप आवळला गेला तर?"

"नट आपोआप आवळत नाही. तुम्ही आवळता." बायकोने हात पुढे केला. "तो पाना द्या इकडे."

त्यांनी दिला. थोड्या वेळाने ते स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी बोटाने हलवून बघत होते.