तिसरं नको

वूहानला असताना वेनबिनने मोठमोठे पूल बांधले होते. टोरांटोजवळच्या मार्कमला आल्यावर पहिली काही वर्षं त्याने लोकांच्या दारात पिझ्झे पोचवले, बांधकामाचे इंग्रजीतले नियम घोकले आणि अखेर पुलांच्याच एका कंपनीत चिकटला. बर्फ उपसायला शिकला, हॉकीच्या गप्पांत न कळता हसायलाही शिकला. एक खोड मात्र काही सुटली नाही. काहीही देऊ केलं, की तो आधी दोनदा नको म्हणायचा. त्याच्या मुलखाची रीतच ती. पहिल्याच हाकेला हात पुढे करतो तो हावरट.

मंगळवारी साहेबाने, म्हणजे डगने, त्याला विभागप्रमुख होतोस का विचारलं. "छे, माझी काय लायकी?" म्हणून वेनबिन आग्रहाची वाट बघत उभा राहिला. डग म्हणाला, बरं, तुझी मर्जी, आणि कॉफी आणायला गेला. आता सोमवारी दुसऱ्याचं नाव जाहीर होणार होतं.

लक्ष्मी टिळा लावायला आली आणि हा तोंड धुवायला गेला, हे कळल्यावर त्याची बायको शूयिंग बोलायला लागली ती थांबेना. तिकडे ती भूल देणारी डॉक्टर होती. इथे परीक्षा देत देत वृद्धाश्रमात राबत होती.

"बेशुद्ध माणसं पुष्कळ पाहिली मी," ती म्हणाली. "उभ्या उभ्या झालेला तूच पहिला."

शनिवारी तिने डगला जेवायला बोलावलं. पोट भरल्यावर तो नको म्हणाला, तिने मोदकासारखी उकडलेली आणखी डंपलिंग वाढली. पुन्हा नको म्हणाला, पुन्हा वाढली. तिसऱ्यांदा त्याने ताटावर आडवा हात धरला, तेव्हा कुठे ती थांबली.

"तुमच्याकडे 'नको' ऐकू येत नाही का?" डगने हसत विचारलं.

"येतं की. पण पहिली दोन रीतीची असतात. खरं ते तिसरं."

डग चावायचा थांबला. "मग मंगळवारचं?"

"ते पहिलं होतं."

वेनबिनचे कान लाल झाले.

"वेनबिन, होतोस विभागप्रमुख?"

"छे, माझ्याहून लायक लोक आहेत." जिभेला वळणच तसं होतं. शूयिंगने कपाळावर हात मारला.

"वेनबिन," डगने मिश्कीलपणे पुन्हा विचारलं, "होतोस?"

वेनबिनने तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडेल याचा बायकोला भरवसा नव्हता. तिने वाफाळतं डंपलिंग उचललं आणि त्या उघड्या तोंडात कोंबलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलता तर येईना, म्हणून त्याने मुकाट्याने मान डोलावली.