पानांवरचं पांढरं

करुणा कुंड्यांत रोपं वाढवायची एकटीनं, आणि सल्ला द्यायला चिकलठाण्यातली तिची अख्खी इमारत हजर असायची. त्यात यंदा तिनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून जाड, रसाळ पानांच्या सक्युलंटची एकेक कुंडी द्यायचं दिवाळीतच जाहीर करून टाकलं होतं. तेवीस बायका, तेवीस कुंड्या. उन्हाळ्यापासून एकेक पान कोरड्या मातीवर आडवं ठेवून तिनं ती रोपं केली होती. जाऊबाई दीपमाला तेव्हाच हसली होती, "संक्रांतीपर्यंत जगतील ना गं?" तेवीसच्या तेवीस जगवायचीच, हे करुणानं त्याच क्षणी ठरवलं.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात सासूबाई, गोजरबाई, मोतीबिंदू काढायला पाचोडहून आल्या.

नळाला आठवड्यानं पाणी येई. ते आलं की साठवलेलं पाणी 'शिळं' होई आणि गोजरबाई ते बादलीनं गॅलरीतल्या कुंड्यांत रिकामं करत. पानं पिवळी पडून काचेसारखी झाली, बोट लावताच गळून हातात यायला लागली.

"आई, माती आतपर्यंत कोरडी झाल्याशिवाय यांना पाणी घालायचं नसतं."

"तहानलेल्याला पाणी नाय पाजायचं? लई शानं शास्त्र तुमचं!"

कुंड्यांना खालून भोकं होती, म्हणून तेवढ्यावर निभावलं. मग डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि गोजरबाईंना जगातली सगळी धूळ दिसायला लागली. पानांवर जो राखेसारखा पांढुरका लेप असतो, तो त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केला. तो लेप म्हणजे त्या पानांची उन्हातली छत्री. चार दिवसांत पानांवर तपकिरी चट्टे उठले.

करुणा ऑफिसातून आली, चट्टे पाहिले, आणि चप्पलही न काढता तिनं पुठ्ठ्यावर लिहिलं : 'पानांवरच्या पांढऱ्याला कुणीही हात लावू नये.' पुठ्ठा गॅलरीच्या दाराला टांगला. नवरा अतुल म्हणाला, "म्युझियम केलंस घराचं." गोजरबाईंनी त्या दिवसापासून गॅलरीत पाऊल टाकलं नाही. जेवताना मीठसुद्धा त्या अतुलमार्फत मागत.

संक्रांतीला बारा दिवस राहिले असताना करुणाला पानांच्या बेचक्यांत पुन्हा पांढरं दिसलं. लेप परत आला! ती इतकी खूश झाली, की नवी पानं वाकडी का येतायत आणि कुंड्यांची कड चिकट का लागतेय, याचा विचारच तिनं केला नाही. आठवडाभर कुणालाही हात लावू दिला नाही.

शेवटी गोजरबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "करुणे, ती राख नाय गं."

"आई, पाटी वाचा."

"वाचली की. नवे डोळे हायेत मला. पण राख कधी चालती का?"

करुणा वाकली. बेचक्यातला एक पांढरा ठिपका सावकाश शेजारच्या पानावर चालला होता.

"पिठ्या ढेकूण," गोजरबाई म्हणाल्या. "कापसावर पाहून पाहून डोळे गेले माझे. एकाला लागला की शेजारच्याला लागतोच. तू तर सगळ्या कुंड्या चिकटून ठेवल्यास."

"मग आधी सांगायचं ना!"

"हात लावू नये म्हनं."

करुणाला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. आजारी कुंड्या तिनं जिन्यात वेगळ्या काढल्या. पाच दिवस सासू-सून काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून एकेक बेचकं टिपत बसल्या. आणि पाचही दिवस, काडी कशी धरावी यावरून भांडत राहिल्या. चौदा कुंड्या वाचल्या. नऊ गेल्या. करुणानं स्टीलच्या नऊ वाट्या आणल्या आणि कुंडी कुणाला, वाटी कुणाला, या विचारानं तिचं डोकं भणाणलं.

तो निकाल गोजरबाईंनी परस्पर लावला. हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला त्या दारातच विचारत, "ठेवशील कुठं?"

खालच्या मजल्यावरच्या लक्ष्मीबाई कौतुकानं म्हणाल्या, "टीव्हीजवळ. शोभेला."

"तिथं ऊन नाय. लांबुळकी हून मरंल. वाटी घ्या."

लक्ष्मीबाईंचा चेहरा पडला. मागं उभ्या असलेल्या दीपमालेनं ते ऐकलं होतं. "पूर्वेच्या खिडकीत ठेवीन, आई," ती घाईनं म्हणाली आणि कुंडी मिळवून बसली.

करुणा कुंकवाची कोयरी हातात धरून उभी होती. लक्ष्मीबाई आता महिनाभर जिन्यात बोलणार नाहीत, हे तिला दिसत होतं. तिनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि वाटीत दोन मुठी तिळगूळ जास्तीचा घातला. कुंडी मात्र दिली नाही.