नखाला अडकणारी कड

विद्याबाई गेल्याचा त्यांच्या यजमानांचा फोन आला, तेव्हा मी लेथवर होतो. मशीन बंद केली. पहिल्यांदा आठवलं ते बाईंचं नख...

बाई इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या. मी चौथी शिकलेला, फुलंब्रीकडचा, चिकलठाण्याच्या शेडमध्ये लेथवर धातू कातणारा टर्नर. करंजाच्या तेलाच्या इंधनावर इंजिन चालवायचं, हे बाईंचं वेड. ते तेल घट्ट, फवारा जाड पडतो, नीट जळत नाही. बाई म्हणायच्या, "काका, नोझलला विजेचा मोठा दाब दिला की थेंब एकमेकांना ढकलतात, धुक्यासारखे बारीक होतात." ते नोझल मी करायचो. भोकाच्या कडेवर बाई नख फिरवून बघायच्या, कारण कुसळाएवढं टोक राहिलं तरी तिथून ठिणगी उडते. मला ते लई लागायचं.

चाचणीला कॉलेजचे मोठे साहेब आलेले. बाईंनी नोझल घेतलं, नख पुढं केलं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बाई, जन्म गेला माझा लेथवर. आता नखानं परीक्षा घेता व्हय?"

त्या थांबल्या. "नाय घेत, काका," माझ्याच बोलीत म्हणाल्या आणि नोझल तसंच बसवलं.

बटण दाबलं. पांढरं धुकं दिसलं... मी ऐटीत साहेबांकडं बघतोय तोवर चट् आवाज झाला आणि धुकं पेटलं. बाईंनी आधी बटण बंद केलं, मग हात मागं घेतला. मनगटापर्यंत भाजला होता. साहेबांनी विचारलं, "नोझल कुणी केलं?" मी चिंधीनं हात पुसत राहिलो. बाई म्हणाल्या, "दाब मी जास्त ठेवला. चूक माझी."

दवाखान्यात मी मोसंबी ठेवली, हवापाण्याचं बोललो आणि उठलो. दाब जास्तच असणार, असं मनाला सांगत राहिलो. काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झालं. मी नोझल पुढं धरायचो, बाई त्या डागाळलेल्या हातानं नख फिरवायच्या.

परवा यजमान शेडवर आले. "तिच्या खणात होतं. टाकू द्यायची नाही." कापसात गुंडाळलेलं तेच नोझल, काळं पडलेलं. मी कडेवर नख फिरवलं. अडकलं... म्हणजे ठिणगी कुठून उडाली, हे बाईंना माहीत होतं.

चूक माझी होती. म्हणून हे लिहितोय; त्या साहेबांनीही वाचावं. नोझल लेथशेजारी ठेवलंय. कानस हाताशीच आहे, पण ती कड मी घासणार नाय.