नाटकातलं प्रेत आणि चिनी काढा

दोन हजार सालाच्या आसपास आम्ही शारजात, अल मजाजला राहायचो. वाळूचं वारं सुटलं की माझ्या नवऱ्याच्या शिंका सुरू. एसीत बसला तरी तेच. त्यातच तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकात त्याला काम मिळालं, तेही प्रेताचं! मी त्याची बायको. अख्खा प्रवेश त्यानं पडून राहायचं आणि मी रडायचं.

तालमीत प्रेत दर वेळी शिंकायचं. दिग्दर्शक कपाळावर हात मारायचे. "अहो, तुम्हाला नुसतं पडायचंय! यल्ला, चला, पुन्हा मरा."

एकदा लिफ्टमध्ये त्याच्या शिंका थांबेचनात, तेव्हा आमच्या समोरच्या फ्लॅटमधली चिनी बाई म्हणाली, "यू कम. आय कुक."

गेलो. तिनं मॅग्नोलियाच्या केसाळ कळ्या फडक्यात बांधल्या. ती लव घशाला टोचते, हे तिनं खोकून दाखवलं. मग कसल्याशा मुळ्यांबरोबर पुरचुंडी मातीच्या भांड्यात उकळली. नवऱ्यानं आधी वाफ घेतली, मग डोळे मिटून काळा काढा घशाखाली ढकलला. आमची लेक दारातूनच ओरडली, "बाबा, इट स्टिंक्स!"

तो रोज जाऊन प्यायला. शिंका कमी झाल्या, पण प्रयोगाच्या सकाळीही दोन आल्याच.

पडदा वर गेला. मराठीचा गंध नसलेली ती बाई पहिल्या रांगेत, नजर त्याच्या नाकावर. मी हंबरडा फोडून त्याच्या छातीवर डोकं टेकवलं. तेवढ्यात प्रेत पुटपुटलं, "अगं, विंगेत कुणीतरी बटाटेवडे आणलेत. लसूण जास्त पडलाय."

कित्येक महिन्यांत त्याला कसला वास आला नव्हता! मला हसू फुटलं, आवरेचना. मी तोंडात पदर कोंबला, खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. समोर बायका रुमाल काढायला लागल्या. माझे खांदे हलले की नवऱ्याचं पोट हलायचं, म्हणून मी त्याच्यावर आडवीच पडले.

पडदा पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दिग्दर्शक धावत आले. त्यांचेही डोळे ओले. "वहिनी, काय रडलात हो!"

विंगेत ती बाई आली. माझ्याकडे बघितलंही नाही. प्रेताचा हात धरून जोरजोरात हलवत म्हणाली, "व्हेरी गुड! नो शिंक!"

हा शब्द ती कधी शिकली कुणास ठाऊक. आम्ही तिघं तिथेच जमिनीवर बसून हसत सुटलो.