‘छान’ म्हणायचं न्हाई!

झेरॉक्सच्या दुकानात चुकलेले कागद फेकवत नाहीत. मागची बाजू कोरी असते ना! माझ्याकडं त्यांचा गठ्ठा गुडघ्याएवढा झाला, आणि आमच्या मंडळींनी त्या कोऱ्या बाजूवर कथा लिहायला घेतल्या. आता कथा राहिल्या बाजूला, त्या कथांचे किस्सेच जास्त झालेत.

आखाडा बाळापूरच्या मेन रोडवर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी, तेव्हा आम्ही बसतो. लिहिणारे तिघं. रिटायर झालेले खिल्लारे सर, साखऱ्याहून मोटरसायकलवर येणारा शेतकरी गजानन आणि आमच्या गावची आशाताई, म्हणजे घरोघर फिरून आरोग्याचं काम करणारी संगीता. ऐकणारी मी, आणि शेजारी भाजी विकणारी शेवंताबाई. शेवंताबाईला वाचता येत नाही. ऐकता मात्र असं येतं की विचारू नका!

* * *

सुरुवात सरांनीच केली. त्यांनी एक कथा टाइप करायला दिली. चौदा पानं. प्रिंट हातात घेताना विचारलं, “कशी वाटली?”

“छान!”

“काय छान वाटलं?”

मी प्रिंटरमधे कागद भरायला घेतले. टाइप करताना माझं सगळं लक्ष काना-मात्रेवर!

सर हसले. “ताई, मी बी पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर ‘छान’ लिहिलंय. कवा लिहायचो माहिताय? वाचायचा कंटाळा आला की!”

त्याच दिवशी नियम झाला. जो ‘छान’ म्हणेल, त्यानं सगळ्यांना चहा करून पाजायचा. पहिले दोन महिने चहा मीच केला.

* * *

गजाननची पहिली कथा फार दुःखी होती. त्यातली बाई पहाटे उठते, दळते, रडते, पाणी भरते, पुन्हा रडते. वाचता वाचता गजाननच डोळे पुसायला लागला. आम्ही सगळे गंभीर.

शेवंताबाई मेथीची जुडी बांधत म्हणाली, “बाईला दोन लेकरं हायेत म्हणला ना तू?”

“व्हय.”

“मग पहाटपासून हायेत कुठं ते?”

गजाननने पानं चाळली. पुढं, मागं, पुन्हा पुढं. लेकरं दुसऱ्या पानावर होती, त्यानंतर नव्हतीच!

“विसरलो,” तो म्हणाला.

“लेकरं उठली असती तर तिला इतकं रडाया टाइम भेटला असता व्हय?”

पुढच्या रविवारी गजाननने कथा नवी करून आणली. बाई रडायला बसते आणि धाकटं उठून भाकर मागतं. एवढंच केलं होतं त्यानं. ह्या वेळी डोळे आम्ही पुसले.

* * *

दुसरा नियम असा, की लोक बोलत असताना लेखकानं मधे बोलायचं नाही. नियम केला सरांनी, आणि तो जमेना एकट्या सरांनाच! कुणी काही म्हणालं की लगेच, “तसं न्हाई, मला असं म्हणायचं होतं की...”

शेवटी संगीताने उपाय काढला. लेखकानं तोंडात पाण्याचा घोट धरायचा. गिळायचा नाही.

सरांची कथा झाली. चर्चा सुरू. सरांनी घोट धरला, अन् गिळला. दुसरा धरला, तोही गिळला. तासाभरात तांब्या रिकामा!

शेवंताबाई म्हणाली, “सर, इतकी तकलीफ काहून घेता? जे तोंडानं सांगून राहिले, ते कागदावर लिहा की!”

सरांनी रिकामा तांब्या उपडा ठेवला. मग म्हणाले, “हे मला रिटायर व्हायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर लई बरं झालं असतं.”

* * *

एकदा गजाननची मोटरसायकल वारंगा फाट्यावर पंक्चर झाली. तिथं एक ट्रक ड्रायव्हर टायर काढून बसला होता. गजाननच्या खिशात नवी कथा. त्यानं ड्रायव्हरला विचारलं, “ऐकता का?” तो म्हणाला, “ऐकव.”

रविवारी गजानन तोंड पाडून आला. “अर्ध्यातूनच उठून गेला हो तो! टायर झालं म्हणला, अन् निघाला.”

सरांनी चष्मा वर केला. “कितव्या पानावर उठला?”

“सहाव्या.”

“मग टायर सोड. सहावं पान दाखव, पंक्चर तिथं हाय!”

खरंच होतं. सहाव्या पानापासून पुढं दीड पान नुसतं पावसाचं वर्णन!

* * *

संगीता सुरुवातीला नुसती ऐकायला यायची. एक दिवस चार कागद देऊन म्हणाली, “मैत्रिणीची गोष्ट हाय. नाव सांगू नको म्हणली.”

रविवारी सरांनी ती वाचली. दिवसभर गावात घरोघर फिरून आलेली एक आशाताई आणि तिचा नवरा. कथा संपेपर्यंत नवरा एक शब्द बोलत नाही.

शेवंताबाई म्हणाली, “ह्या नवऱ्याला एखादं वाक्य तरी द्या. मुका हाय का?”

संगीता ताडकन म्हणाली, “तो घरीबी बोलत न्हाई!”

झालं! मैत्रीण सापडली.

पुढच्या खेपेला कथेत नवऱ्याला वाक्य होतं. तो म्हणतो, ‘पाय दुखत असतील तुझे.’

शेवंताबाईनं विचारलं, “खरंच म्हणला तो असं?”

संगीता लाजली. “आधी न्हाई. गोष्ट वाचून दाखवली, मग म्हणला!”

* * *

गेल्या हिवाळ्यात सर एक कथा वाचत होते. बाप दहा वर्षांच्या पोराला वसतिगृहात सोडायला जातो. फाटकापाशी हातात गाठोडं देतो आणि चालू लागतो. पोरगं वाट बघतं, पण बाप मागं वळून बघतच नाही. मग पोरगं आत जातं. ही सरांच्या स्वतःच्या वडलांची गोष्ट, हे आम्हाला ठाऊक होतं. वडील जाऊन वीस वर्षं झालीत.

तेवढ्यात एक म्हातारे बाबा आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले. कुठल्या गावचे, कुणाला माहीत नाही. कळमनुरीच्या गाडीला वेळ आहे म्हणाले, म्हणून मी स्टूल दिला. झेरॉक्स हातात आली तरी ते उठले नाहीत, ऐकत बसले.

कथा संपली. संगीता म्हणाली, “बाप लई कठोर वाटून राहिला.” गजाननही तेच म्हणाला.

बाबा उठले, मफलर नीट केला. म्हणाले, “त्यानं पाहिलं असंल.”

“कवा?” गजाननने विचारलं.

“पोरगं आत गेल्यावर. आधी पाहिलं असतं तर पोरगं राह्यलं असतं व्हय तिथं?”

आणि निघून गेले.

काहीतरी करायचं म्हणून मी मशीनचं झाकण उचललं. काचेवर बाबांचं कार्ड तसंच!

“सर, त्यांचं ओरिजिनल राह्यलं...”

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सरांनी कार्ड घेतलं आणि अनवाणीच रस्ता ओलांडला. चपला बाकाखालीच राहिल्या.

समोरच्या थांब्यावर बाबा बसले होते. सरांनी कार्ड दिलं. बाबांनी ते खिशात ठेवलं. सर त्यांच्या शेजारी बसले.

कळमनुरीची गाडी आली. बाबांनी हात केला नाही. गाडी गेली.

गजानन म्हणाला, “त्यायची गाडी गेली की!”

“जाऊ दे,” शेवंताबाई म्हणाली. “बस तू.”

अर्ध्या तासानं दुसरी आली. तीही गेली, दोघं तिथंच बोलत बसलेले.