ग्रामसभेत माइक बंद पडला तेव्हा

अहमदनगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत पॅकिंगचं काम करता करता मी नाटकात शिरले. कारखाना सुटला की नगरात तालीम. सोनईजवळच्या आमच्या गावात हे कळलं, तेव्हा वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे एका मालिकेत मी खाष्ट सासू झाले. ती सासू इतकी चालली, की एसटी स्टँडवर बायका मला तोंडावर बोल लावायच्या. वडील मग तेच चारचौघांत कौतुकाने सांगू लागले.

त्यानंतर शेवगावकडच्या एका गावात सिनेमाचं शूटिंग होतं. मी ऊस तोडणाऱ्या बाईचं काम करत होते. गर्दीसाठी गावातल्याच बायका घेतल्या होत्या. त्यांतली तिशीतली एक, दरवर्षी तोडीला जाणारी, मला बराच वेळ न्याहाळत होती. शेवटी जवळ आली आणि म्हणाली, "ताई, कोयता आसा धरला तर पह्यलं तुमचंच बोट जाईल." मनगट धरून तिनं मला नीट शिकवलं.

दुपारी जेवताना तिनं सिनेमाची गोष्ट विचारली. शेवटी त्या ऊसतोड बाईची मुलगी तोडीला न जाता शाळेतच राहते, असं मी सांगितलं.

"शिनेमात ऱ्हाती व्हय?" ती शांतपणे म्हणाली. "माजी तर दिवाळी झाली की आमच्यासंगं ट्रकात बसती. सातवीत हाय, पन वाचाया अडखळती."

अशा किती मुली ट्रकात बसतात, ते मी तिला विचारलं.

मग मी चौकशी केली. अशा मुलांसाठी हंगामापुरतं वसतिगृह काढायची सरकारी योजना होती. गावानं ठराव करून जागा द्यायची, एवढंच. शाळेच्या दोन जुन्या खोल्याही होत्या, पण त्यांत एका ठेकेदाराचं सिमेंट पडलेलं. शूटिंग संपल्यावरही मी त्या गावी जात राहिले. नवं काम नाकारलं तेव्हा मुंबईतल्या लोकांना मी आजारी आहे असं वाटलं.

त्या खोल्या ग्रामसभेत बायकांनीच मागायच्या असं ठरलं, आणि देवळाच्या सभामंडपात बोलायच्या तालमी सुरू झाल्या. श्वास पोटातून घ्यायचा, मान वर ठेवायची, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलायचं. पहिले काही दिवस बायका पदरात तोंड घालून नुसत्या हसल्या. नंतर मात्र त्यांचा आवाज देवळाबाहेर रस्त्यावर ऐकू येऊ लागला.

ग्रामसभेत सरपंचांनी माझ्यासाठी स्टेजवर खुर्ची ठेवली होती. सासूचे दोन डायलॉग व्हावेत अशी त्यांची इच्छा. मी ऐकायला आले आहे असं सांगून बायकांमध्ये खाली बसले. मला कोयता धरायला शिकवणारी ती उठली. दोन वाक्यं बोलली आणि माइक बंद पडला. लाईट गेली म्हणाले. वर पंखा फिरत होता.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला उठावंसं वाटलं, पण मी हलले नाही. तिनं माइक टेबलावर ठेवला आणि श्वास घेतला.

"आमी जातो तोडीला. जाऊच. पन पोरी आता येनार न्हाईत. त्या खोल्यांची चावी द्या."

बाहेर झाडाखाली चहा पीत बसलेले बाप्ये वळून पाहू लागले. तिच्यामागे दुसरी उठली, मग तिसरी. थोड्याच वेळात एकही बाई खाली बसलेली नव्हती. मीसुद्धा नाही. ग्रामसेवकानं तिथंच ठराव लिहिला, हात वर झाले, आणि सरपंचांनी सगळ्यांसमोर ठेकेदाराला फोन लावला. मी रंगमंचावर खूप टाळ्या घेतल्या आहेत. त्या दिवशी इतरांसाठी वाजवताना माझे तळहात लाल झाले.

त्या दिवाळीनंतर ट्रक गेले आणि पोरी गावात राहिल्या.

उन्हाळा लागता लागता ट्रक परत आले. ती घरी न जाता आधी वसतिगृहावर आली, पायाला अजून रस्त्याची धूळ. लेकीला समोर बसवून म्हणाली, वाच. लेकीनं न अडखळता पान वाचलं. आईनं पान उलटलं आणि पुढचंही वाचायला लावलं.