चंदनाकाकूंना गिळेना

उचगावच्या चंदनाकाकूंना श्रावणातच भाकरी गिळेनाशी झाली. आधी त्या ती आमटीत कुस्करून खाऊ लागल्या, मग नुसती आमटी, मग दूध. त्यांचे यजमान बापूसो यांचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ते दोन्ही वेळचं दुकानातच जेवत, त्यामुळं त्यांच्या काही ध्यानात आलं नाही.

भादव्यात जैनांचं दशलक्षण पर्व आलं आणि काकूंनी दहाही दिवस उपवास धरले. दिवसातून एकदा पाणी, तेवढंच. बस्तीत, देवळात, बायका त्यांच्या पाया पडल्या.

पारण्याच्या सकाळी सून दीपानं वाटीत मुगाचं पाणी दिलं. भोवती पाहुणे बसले होते. पहिलाच घोट नाकातोंडातून बाहेर आला. आतडी सुकली असतील, सावकाश द्या, असं कुणीतरी म्हणालं. दीपानं त्यांना आतल्या खोलीत नेलं. पाठ चोळताना तिच्या हाताला नुसती हाडं लागली.

“आत्या, कधीपासनं हाय हे?”

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, “उपास न्हवता गं त्यो. गिळतच न्हवतं. भ्या वाटलं, बोलले तर खरं व्हईल.”

गावातल्या डॉक्टरांनी त्यांचं वजन केलं, गळा चाचपला आणि शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडून दुर्बिणीतून तपासून घ्यायला सांगितलं. “आजच जावा,” म्हणाले. काय असेल, असं बापूसोंनी विचारलं, तर म्हणाले, “खात्री करून घेऊ.” कसली खात्री, हे विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

तपासणी झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी बापूसोंना एकट्यालाच आत बोलावलं. ते बाहेर आले तेव्हा डोक्यावरची टोपी त्यांच्या हातात होती.

“अल्सर हाय म्हणत्यात. तुकडा काढून तपासाय पाठवलाय.”

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. ते भिंतीकडं बघत होते.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. काकूंना स्वतःची थुंकीही गिळवेना. उशाशी वाटी घेऊन त्या बसून राहत. एका दुपारी भुकेनं वेड्यापिशा होऊन त्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला आणि बोटानं आत ढकलला. श्वास कोंडला, डोळे पांढरे झाले. बापूसोंनी तो कसाबसा ओढून काढला. काकू त्यांच्या हाताला झोंबत राहिल्या. “एक घास जाऊ द्या वो. एकच.”

रिपोर्टच्या दिवशी बापूसो म्हणाले, “तू घरातच थांब.”

“नरडं माझं हाय,” काकू म्हणाल्या. “मला कळाय नगो व्हय?” आणि त्या आधीच जाऊन रिक्षात बसल्या.

डॉक्टरांनी बापूसोंकडं पाहिलं. काकू म्हणाल्या, “त्यांच्याकडं बघू नका. मला सांगा.”

“काकू, अन्ननलिकेत गाठ आहे. कॅन्सर आहे.”

“श्रावणात आले असते तर?”

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटून ठेवला. “आता पुढचं बघू,” म्हणाले.

बापूसो तिथंच तोंड झाकून रडायला लागले. काकूंनी दुसरं काही विचारलं नाही. जगेन का, हेसुद्धा नाही. फक्त म्हणाल्या, “तान लई लागलीया. पाणी तरी जाईल का?”

त्याच दिवशी त्यांच्या नाकातून नळी घालण्यात आली. पुढच्या तपासणीत कळलं, की रोग यकृतापर्यंत पोचलाय. औषधं चालू झाली. त्यानं गाठ जाणार नाही, थोडा वेळ मिळेल, हे या खेपेला डॉक्टरांनी काकू, बापूसो आणि दीपा तिघांनाही समोर बसवून सांगितलं.

बापूसो आता दुकान उघडत नाहीत. बाहेरच्या सोप्यात बसून ते नातेवाइकांना फोन लावतात. पुण्यात, बेळगावात कोण चांगला डॉक्टर ठाऊक हाय का, म्हणून विचारतात. आतल्या खोलीत काकूंना सगळं ऐकू येतं. पुरे करा, असं सांगावं, असं त्यांना रोज वाटतं. पण फोन लागला, की पलीकडून कुणी ‘हाय एक डॉक्टर’ म्हणतंय का, म्हणून त्याच कान टवकारतात.